दार कोण लावतं

शेंदुर्णीकर मॅडमनी सांगितलं,
एकच घटना घ्या, घरातली असली तरी चालेल,
आणि तीनदा सांगा:
कथेत, पडद्यावर, रंगमंचावर.
आठ आठवडे. गुण शंभरपैकी.
मी रोहिदासचं जाणं घेतलं.
हाताशी तेवढंच होतं.

कथा लिहिली अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या
दोनशे पानी वहीत, कारण मोबाइलवर
मला खोटं फार पटकन लिहिता येतं.
माझा भाऊ पहाटे घर सोडून गेला.
सहा शब्द. पुढे पूर्णविराम, गोल, ठसठशीत.
मग मागे गेले: चाकणची सुटलेली नोकरी,
भिशीचे पैसे, आईचं न बोलणं
जे भांड्यांच्या आदळण्यातून ऐकू यायचं.
वर्गात वाचली. कुणीतरी नाक ओढलं.
मॅडमनी समासात लिहिलं,
निवेदिका कुठे आहे?
मला वाटलं, शैलीबद्दल विचारतायत.

फिल्म चार मिनिटांची.
कॅमेरा उसना, संध्याकाळी परत द्यायचा,
म्हणून पहाट आम्ही भर दुपारी केली,
खिडकीला निळा जिलेटिन चिकटवून.
खोली आमचीच, दांडेकर पुलाजवळची.
कॅमेऱ्याला मागे सरकता यावं म्हणून
आईला शेजारच्यांकडे बसवली.
तौसिफ रोहिदास झाला. कोंढव्याचा पोरगा,
डावखुरा. रोहिदासही डावखुरा,
हे मी त्याला सांगितलं नव्हतं.
तो उठतो. पिशवी घेतो.
कट.
स्वारगेट. एसटीची मागची काच,
धुळीत बोटानं ओढलेली एक रेघ.
सगळ्यांना रेघ आवडली.
आई एवढंच म्हणाली, पिशवी ती नव्हती, चेनची होती.
मला कट आवडला.
केवढं मावतं त्यात!
अख्खा उंबरठा, दार,
आणि दाराच्या अलीकडचं माणूस.

नाटकात तशी सोय नाही.
लॉ कॉलेज रोड, तिसरा मजला, मागे टेकडी,
मोर ओरडले की संवाद थांबवायचे.
दार खरं आणलं होतं, जुन्या बाजारातून,
चौकटीसकट बाराशे, वर टेम्पोचे साडेचारशे.
तौसिफ उठला. पिशवी घेतली, या वेळी चेनची.
बाहेर गेला.
दार उघडं राहिलं.
पलीकडची ट्यूबलाइट आत सांडली,
कुणाची तरी हेल्मेटं दिसली, अर्धी बिसलेरी.
थांबा, मॅडम म्हणाल्या.
दार कोण लावतं?

वारा, मी म्हटलं.
मग वाऱ्यालाही बोलवा उद्यापासून तालमीला.
सगळे हसले. मीही.
आणि मग बसून राहिलो सगळे त्या दाराकडे बघत,
कारण नाटकात उघडं दार म्हणजे
कुणीतरी येणार, असा शब्द दिल्यासारखं असतं,
आणि माझ्या गोष्टीत
कुणीच येत नव्हतं.

मी गादीवर होते. बहीण झोपलेली आहे,
असं संहितेत मीच लिहिलं होतं.
उठले.
चार पावलं. घरी तीनच होती.
दार ओढलं.
कडी न बघता सापडली हाताला,
आणि हातानं आपणहून ओढणीचं टोक मध्ये धरलं,
आवाज होऊ नये म्हणून,
जसं तेव्हा धरलं होतं
तो जिन्यातच असताना.

कुणी काही बोललं नाही.
मॅडमनी पेनाला टोपण लावलं.
दारामागून तौसिफचा आवाज आला,
अगदी साधा, तालमीतला:
ताई, कडी लावलीस का?
मग मी इथं
किती वेळ उभा राहू?